कठड्याचे तोंड कोणीकडे?

कणकवली आणि आसपासच्या गावांत अलीकडे जी घरे नव्याने उभी राहिली, किंवा जी जुनी घरे दुरुस्त झाली, त्यांपैकी काहींना एक नवा अवयव फुटलेला दिसतो. घराच्या एका अंगाला, बहुधा मागच्या, जमिनीपासून दोन-तीन फूट उचललेला फळ्यांचा उघडा मजला, त्याला तीन बाजूंनी लाकडी कठडा, वर दोन खुर्च्या आणि एखादी कुंडी. घरमालक, ठेकेदार आणि सुतार हे तिघेही त्याला ‘डेक’ म्हणतात. चार फळ्या आणि एक कठडा यांकडे साहित्याच्या अभ्यासकांनी कशासाठी पाहावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, मराठी ग्रामीण व प्रादेशिक कथनाचा बराच मोठा भाग ज्या जागेवर बसून सांगितला गेला, ती जागा घरातून नाहीशी होत असताना तिच्याऐवजी काय बांधले जात आहे, हे पाहणे आपल्या कामाचाच भाग आहे.

प्रथम शब्दाकडे वळू. ‘डेक’ हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ आच्छादन, छप्पर असा होता. जहाजाच्या पोटावरचे झाकण ते डेक. झाकणावर माणसे चालू लागली तशी त्याची जमीन झाली, आणि पुढे घराशी जोडलेल्या उघड्या फळ्यांच्या मजल्यालाही तेच नाव मिळाले. म्हणजे ज्या वस्तूवर छप्पर नसणे हेच तिचे वैशिष्ट्य, तिला छपराचे नाव आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या दर्यावर्दींना जहाजाच्या या भागासाठी ‘तूतक’ हा शब्द होता. कोशात तो अजून सापडतो, बोलण्यात फारसा नाही. घराच्या बाबतीत मात्र मराठी कधीच गरीब नव्हती. अंगण, खळे, ओटा, ओटी, ओसरी, पडवी, सोपा, सज्जा, गच्ची, वऱ्हांडा, गॅलरी: घराच्या आत आणि बाहेर यांच्या मध्ये पडणाऱ्या जागांसाठी एवढे शब्द आपण वापरले. प्रत्येक शब्दाबरोबर एक अलिखित नियम येतो. तिथे कोणी बसायचे, कोणी उभे राहायचे, कोणाला विचारून चढायचे आणि कोणाला विचारावे लागत नाही, हे त्या शब्दातच असते. ‘डेक’ या शब्दाबरोबर असा कोणताही नियम आलेला नाही. तो अजून ठरायचा आहे, आणि म्हणूनच त्याविषयी आताच बोलले पाहिजे.

तळकोकणातले जुने घर डोळ्यांपुढे आणू. पुढे खळे, म्हणजे पावसाळा सरल्यावर चोपून, शेणाने सारवून सपाट केलेले अंगण. भाताच्या झोडणीपासून लग्नापर्यंत सगळे तिथेच. उन्हाळ्यात त्यावर बांबूंच्या आणि पोफळीच्या खांबांचा मांडव, वर माडाच्या चुडतांची झापे. पाऊस तोंडावर आला की तो उतरवायचा. खळ्यातून दोन-तीन पायऱ्या चढले की पडवी. जोते जांभ्या दगडाचे. हा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो आणि उघड्यावर राहून कठीण होत जातो. पडवीचे लाकडी खांब जमिनीत पुरलेले नसत. ते दगडी तळखड्यावर उभे असत, म्हणजे ओल वर चढत नसे आणि वाळवी लागली तर दिसत असे. वर कौले. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाला, आणि पुढे हळूहळू नळ्यांच्या जागी मंगळुरी कौले आली. पण पडवीवरचा उतार पूर्वीसारखाच बराच खाली, जोत्याच्याही पुढे येणारा राहिला. पडवीच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीचा बसका कट्टा किंवा लाकडी बैठक. पावसाची झड आत येऊ लागली की चुडतांची झापे आडवी लावायची.

या रचनेत एक सूत्र आहे. लाकूड कोठेही थेट पावसात नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा मुलखात सुतार लाकडाला आधी छपराखाली घेतो आणि मग त्याला आकार देतो. डेकच्या कल्पनेत नेमके उलटे आहे: तिथे लाकूड उघड्यावर टाकायचे आणि मग त्याला तेल, रंग, रसायने लावून वाचवायचे. ते वाचवता येत नाही असे नाही. फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट ठेवली म्हणजे पाणी निथळते आणि लाकडाला फुगायला जागा मिळते. खालून वारा खेळता राहिला पाहिजे. खांब काँक्रीटमध्ये गाडून टाकण्याऐवजी पायावर टेकवावा, कारण लाकूड कुजते ते पाणी साचून राहते त्या सांध्याशी. साग टिकतो, पण महाग. ऐन, किंजळ, फणस ही आपल्या परड्यातली आणि रानातली लाकडे. फणसाचे लाकूड इथे इतके मानाचे की आरवलीच्या वेतोबाची पूर्वीची मूर्ती त्याचीच होती. काजूबीच्या टरफलांचे काळे तेल होड्यांना आणि घराच्या लाकडांना लावण्याची रीत पश्चिम किनाऱ्यावर जुनी आहे. आणि कठड्यासाठी इथला माणगा बांबू आहेच, जो बिनकाट्यांचा व जवळजवळ भरीव असतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना वृक्षात होत असे; २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला, त्यामुळे आपल्या बांधावरचा बांबू तोडून वापरणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. तेव्हा डेक बांधणे ही परकी चैन आहे असे म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. इथल्या लाकडात, इथल्या मेस्त्रीच्या हातून, वर कौलांची एक पाखी पुढे ओढून तो उत्तम होऊ शकतो. तसा केला की तो पडवीसारखा दिसू लागतो, ही गोष्ट वेगळी.

आमचा आक्षेप लाकडाविषयी नाही. तो कठड्याच्या उंचीविषयी आणि तोंडाविषयी आहे.

उंचीचे आधी पाहू. बांधकामाच्या नियमांनुसार उघड्या मजल्याच्या कठड्याची उंची साधारण एक मीटर किंवा थोडी अधिक ठेवतात. पडण्याचा धोका असेल तिथे हे योग्यच आहे, मुलांच्या दृष्टीने तर आवश्यक. पण एक मीटरचा कठडा उभ्या माणसाच्या मापाचा असतो. उभा माणूस त्यावर कोपरे टेकून दूर पाहतो. खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या नजरेपुढे मात्र तो आडवा येतो. पडवीचा कट्टा दीड फुटाचा, बसणाऱ्याच्या मापाचा. त्यावर बसलेल्या माणसाची नजर खळ्यातून येणाऱ्याच्या चेहऱ्याला जाऊन मिळते, आणि येणाऱ्याला त्याच कट्ट्यावर, आत न येता, टेकता येते. दूरचे पाहण्यासाठी केलेला कठडा आणि जवळच्याशी बोलण्यासाठी केलेला कट्टा यांत हा फरक आहे. गजालीला उभ्या माणसाचा कठडा उपयोगी पडत नाही. गजालीला बूड टेकावे लागते.

आता तोंड. डेक बहुधा घराच्या मागे किंवा बाजूला, जिकडे डोंगर, नदी, बाग दिसते तिकडे काढला जातो. पडवीचे तोंड पाणंदीकडे, म्हणजे माणसांच्या येण्याकडे. हा बदल केवळ आपल्याकडचा नाही. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकातल्या घरांना रस्त्याकडे तोंड करून ओसरी असे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उपनगरांत ती गेली आणि बसण्याची जागा मागच्या आवारात सरकली. रिचर्ड एच. थॉमस यांनी १९७५ साली एका निबंधात या स्थलांतराचा अर्थ लावला होता: पुढची ओसरी घराला शेजाराशी जोडत होती, मागचे अंगण कुटुंबाला स्वतःपुरते एकत्र करते. ते निरीक्षण कणकवलीला जसेच्या तसे लागू होत नाही, पण दिशा तीच आहे. गोव्यातल्या जुन्या घरांच्या दारासमोरचे बाल्कांव, त्यातले समोरासमोरचे बांधीव सोपे, हेही रस्त्याकडेच पाहत बसलेले असतात.

या बदलाचा साहित्याशी संबंध असा. आपल्याकडच्या प्रादेशिक कथनाला ‘येणारा माणूस’ लागतो. न सांगता येणारा, कामाचे निमित्त काढून येणारा, आल्यावर काम विसरून दुसऱ्याच कोणाची हकीगत सांगणारा. जयवंत दळवींचे ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) हे पुस्तक घ्या. त्यात सलग कथानक नाही, गावातली एकामागून एक माणसे आहेत. अशा पुस्तकाची रचना समीक्षक सैल म्हणतात. आमच्या मते ती पडवीची रचना आहे. पडवीवर माणसे ज्या क्रमाने येतात आणि जातात, त्या क्रमाने तिथे प्रकरणे येतात. दशावताराचा विचार केला तरी हेच दिसते: रंगमंचावर एक बाकडे, आणि त्यावर बसणारा जो असेल त्याचा तो दरबार, तो आश्रम, ते रान. ‘वस्त्रहरण’ने (१९८०) मालवणी बोलीला व्यावसायिक रंगभूमीवर नेले, तेव्हा त्याबरोबर गावात चार माणसे जमून एकमेकांचे बोलणे तोडत बोलतात ती रीतही गेली. ही रीत शिकण्याची शाळा पडवीच होती.

इतकेच नव्हे, कोकणी माणूस मुंबईला गेला तेव्हा ही जागा त्याला तिथे पुन्हा सापडली. गिरगाव, लालबाग, परळ इथल्या चाळींचा लाकडी कठड्याचा लांबलचक व्हरांडा, ज्याला मराठीत ‘गॅलरी’ म्हणण्याचा प्रघात पडला, तो खरे तर शंभर बिऱ्हाडांनी मिळून वापरलेली एक पडवी होती. तिथे कठडा उंच होता, पण दार उघडे होते, आणि येण्याजाण्याची वाट प्रत्येकाच्या उंबऱ्यावरून जात होती. ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकाला त्या गॅलरीवाचून अस्तित्वच नाही. मराठी साहित्यातला सर्वांत मोठा, कठड्यासह असलेला लाकडी डेक शोधायचा तर तो चाळीत सापडेल. चाळी पडून टॉवर आले, गॅलरीच्या जागी लिफ्टसमोरचा चौकोन आला. त्याच टॉवरमधल्या किंवा उपनगरांतल्या बंद दाराच्या सवयी घेऊन निवृत्त माणूस आज गावी घर बांधतो. तो डेक बांधतो तेव्हा त्याला हवा असतो मोकळा वारा. हवा असतो तो न विचारता येणारा माणूस नव्हे. यात त्याचा दोष काय?

खरोखर, दोष शोधण्याआधी पडवीचा हिशेबही नीट मांडला पाहिजे. तिच्याविषयी हळवेपणाने लिहिणारे एक गोष्ट सहसा लिहीत नाहीत. पडवी सर्वांसाठी उघडी नव्हती. कोणी कट्ट्यावर बसायचे, कोणी पायरीवर, कोणी खळ्यातच उभे राहायचे आणि कोणी खळ्याच्याही बाहेर, हे जातीने ठरलेले होते. दोन-तीन पायऱ्यांच्या त्या चढात गावाची सगळी उतरंड मांडलेली असे. ज्या कणकवलीविषयी आपण बोलत आहोत तिथेच अप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये गोपुरी आश्रम स्थापन केला, सफाईचे आणि मेलेल्या गुरांच्या कातड्याचे काम स्वतःच्या हातांनी केले, कारण त्या कामामुळेच काही माणसांना पायरी चढू दिली जात नव्हती. पडवीच्या गोड आठवणी वर्गात वाचून दाखवताना, या गजालींत कोणाचा आवाज नव्हता, हे विचारले गेले पाहिजे. दलित आत्मकथनांनी तो प्रश्न फार पूर्वी विचारला. प्रादेशिक कादंबरी शिकवताना आपण तो पुन्हा विसरतो.

दुसरी बाब स्त्रियांची. पडवी पुरुषांची होती. बायकांचे बोलणे मागीलदारी, न्हाणीपाशी, विहिरीवर. पुढे आलेल्या पाहुण्याला पाणी देऊन आत परतायचे, एवढाच त्यांचा पडवीशी संबंध. गो. नी. दांडेकरांनी ‘पडघवली’ची (१९५५) निवेदक अंबूवहिनी केली, तेव्हा गावाची हकीगत प्रथमच पुढच्या कट्ट्यावरून न येता घराच्या आतून आली, आणि त्या कादंबरीचे वेगळेपण त्यात बरेचसे आहे. या दृष्टीने पाहिले तर मागच्या बाजूचा डेक ही काही तिरस्काराने बघण्याची वस्तू नाही. संध्याकाळी चहाचा पेला घेऊन घरातली बाई उघड्यावर, खुर्चीत, कोणाला काही द्यायला न उठता बसली आहे, हे दृश्य जुन्या पडवीने आपल्याला दाखवले नव्हते. मागीलदाराला पहिल्यांदा बैठक मिळाली, असेही डेकविषयी म्हणता येईल.

मग पडवी का गेली? आवड बदलली एवढेच कारण पुरेसे नाही. मुंबई-गोवा महामार्ग, पूर्वीचा क्रमांक १७ आणि आताचा ६६, चौपदरी झाला आणि कणकवली शहरातून उड्डाणपूल गेला. रस्त्याकडे तोंड करून बसणे म्हणजे धूळ आणि कर्णे सोसणे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, आणि घर ही राहण्याबरोबर भाड्याने देण्याचीही वस्तू झाली. पर्यटकाला शेजारी नको असतो, देखावा हवा असतो. परंतु आम्हांला सर्वांत मोठे कारण वाटते ते पडवीला लागलेल्या लोखंडी जाळीचे. गावोगावी घरे बंद आहेत. ती चतुर्थीला उघडतात, शिमग्याला उघडतात, मेमध्ये आठ-पंधरा दिवस उघडतात. मालकी अनेक वारसांत सामायिक, राहणारे एखादे म्हातारे जोडपे, किंवा तेही नाही. अशा घराच्या पडवीला जाळी बसते आणि जाळीला कुलूप. डेक पडवीचे मरण घडवीत नाही. पडवीला कुलूप लागल्यानंतर तो मागल्या अंगाला उगवतो.

यावरून आमचे मत दोन भागांत सांगतो.

पहिला भाग घर बांधणाऱ्यांसाठी. डेक जरूर बांधावा, पण त्याच्या कठड्यात एका बाजूला खंड ठेवावा आणि तिथून वाटेपर्यंत दोन रुंद पायऱ्या उतरवाव्यात. चार हात लांबीचा तरी एक भाग बसक्या कट्ट्याचा असावा; जमिनीपासून मजला फार उंच नसेल तर त्यात धोका नाही. घरातून गेल्याशिवाय ज्या जागी पोहोचता येत नाही ती जागा कितीही उघडी असली तरी आतलीच खोली असते. बाहेरून येता आले म्हणजे मग ती ओटी, पडवी, डेक, काहीही म्हणा. आणि त्या पायऱ्यांना जुना नियम लावू नये. पडवीने जे दिले ते घ्यावे, तिने ज्यांना नाकारले त्यांना हा नवा मजला मोकळा असावा. शब्द कोरा आहे याचा हाच तेवढा फायदा आहे. ‘डेक’वर कोणी बसू नये असा कोणताही संकेत अजून रूढ झालेला नाही, तो होण्याआधी तिथे सगळ्यांना बसवून घ्यावे.

दुसरा भाग आपल्यासाठी, म्हणजे शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठी. आज वर्गात बसलेल्या बहुतेकांना ‘पडवी’, ‘खळे’, ‘मागीलदार’ हे शब्द तळटीप म्हणून भेटतात. आपण त्यांचा अर्थ ‘घराचा पुढचा भाग’ असा सांगून पुढे जातो. एवढ्याने कथन कळत नाही. कोणते पात्र कोठे बसून बोलते, कोणाला बसायला सांगितले जाते, कोण उभ्यानेच बोलून जातो, कोणत्या प्रसंगात निवेदकाला उंबरा ओलांडता येत नाही, हे वहीत घराचा नकाशा काढून वाचावे. दळवी, दांडेकर, पेंडसे, खानोलकर, कर्णिक यांची घरे अशी काढून पाहिली तर पाचही जणांचे कोकण एकच नाही, हे शैलीच्या चर्चेपेक्षा लवकर लक्षात येईल. मधु मंगेश कर्णिकांचे करूळ तर कणकवली तालुक्यातलेच. इथल्या विद्यार्थ्याला त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

आजचे लेखक पुढे काय लिहितील, हा प्रश्न राहतो. प्रादेशिक साहित्य आटले याचे खापर आपण शहरीकरणावर, इंग्रजी शाळांवर, दूरचित्रवाणीवर फोडतो. त्यात तथ्य असेल. परंतु जिथे न बोलावता कोणी येत नाही, तिथे कोणाची हकीगत कोण कोणाला सांगणार, याचाही विचार व्हावा. पाठमोऱ्या डेकवरून जे साहित्य निघेल ते बहुधा डोंगराचे, पावसाचे आणि स्वतःच्या एकटेपणाचे असेल. तेही साहित्यच आहे, आणि त्यातले काही उत्तम निघेल. मात्र त्यात दुसऱ्या माणसाचा आवाज हवा असेल, त्याचे अडखळणे, त्याची थाप, त्याने मध्येच बदललेला विषय हवा असेल, तर त्याला येऊन टेकायला दीड फूट उंचीची जागा ठेवावी लागेल. तेवढे काम मेस्त्री एका दिवसात करून देतो. सांगायचे असते ते बांधणाऱ्याने.